सोडून दिलेल्यांचा शोक : अमेरिकी बेसबॉलमधील विलापवाङ्मय

ज्याच्यासाठी शोक करावयाचा तो जिवंत आहे, धडधाकट आहे आणि परक्याच्या अंगणात पूर्वीपेक्षाही अधिक तेजाने खेळत आहे, असा शोक साहित्यशास्त्राने कोणत्या रसात घालावा? करुण आणि विप्रलंभ यांत भेद करताना आपल्या शास्त्रकारांनी पुनर्मीलनाच्या आशेला महत्त्व दिले. आशा तुटली की करुण, आशा शिल्लक असली की विप्रलंभ. अमेरिकेतील बेसबॉल या खेळाभोवती गेल्या शंभर वर्षांत विलापाचे जे वाङ्मय उभे राहिले आहे, ते या दोन्ही कप्प्यांत नीटसे बसत नाही. आपल्या संघाने विकलेल्या, अदलाबदलीत दिलेल्या किंवा करार संपताच जाऊ दिलेल्या थोर खेळाडूंबद्दल तेथील रसिक पिढ्यान् पिढ्या हळहळत आले आहेत. या हळहळीतून पुस्तके निघाली, निबंध लिहिले गेले, दंतकथा जन्मल्या. एवढेच नव्हे, तर त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रावरही तिची छाया पडली. या वाङ्मयात खरे किती, सोयीचे किती आणि टिकाऊ किती, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा खेळ आपल्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा नाही. म्हणून दोन गोष्टी प्रथम सांगणे अवश्य आहे. बेसबॉलचे व्यावसायिक संघ शहरांच्या नावाने ओळखले जात असले, तरी ते शहरांचे नसतात. त्यांना खाजगी मालक असतात आणि खेळाडू हे त्या मालकांशी करारबद्ध नोकर असतात. एका संघाने आपला खेळाडू दुसऱ्या संघास पैसे घेऊन द्यावा, किंवा त्याच्या बदल्यात दुसरे खेळाडू घ्यावेत, ही तेथील नित्याची रीत आहे. दुसरी गोष्ट अशी, की हा रोजचा खेळ आहे. वसंतापासून शरदापर्यंत एकेक संघ आज १६२ सामने खेळतो. कसोटी क्रिकेटचा रसिक आपल्या आवडत्या फलंदाजास वर्षातून काही मोजके दिवस पाहतो; बेसबॉलचा रसिक आपल्या खेळाडूस सहा महिने जवळजवळ दररोज भेटतो, आणि असे दहा-दहा वर्षे चालते. शेजाऱ्याशी जडावे तसे हे नाते असते. ते एका सकाळी तुटले म्हणजे जे वाटते त्याला केवळ क्रीडाप्रेमींचे वेड म्हणून हसण्यावारी नेणे योग्य होणार नाही.

या सर्व विलापांचा मूळ पुरुष म्हणजे बेब रूथ. १९१४ साली तो बॉस्टनच्या रेड सॉक्स संघात आला, तो चेंडू टाकणारा पिचर म्हणून. पुढे त्याची फलंदाजी अशी काही बहरली, की १९१९ च्या एका मोसमात त्याने २९ होमरन मारून नवा विक्रम केला. होमरन म्हणजे चेंडू सीमेपार धाडून चारही तळ फिरून येण्याचा फटका. तो संघात असताना बॉस्टनने १९१५, १९१६ आणि १९१८ साली वर्ल्ड सिरीज हे अंतिम विजेतेपद मिळवले. असा हा खेळाडू संघाचे मालक हॅरी फ्रेझी यांनी १९१९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या यँकीज संघास एक लाख डॉलरला विकला. ५ जानेवारी १९२० रोजी ते जाहीर झाले. यांखेरीज यँकीजच्या मालकाकडून फ्रेझी यांना मोठे कर्जही मिळाले व त्यासाठी बॉस्टनचे फेनवे पार्क हे मैदानच तारण ठेवले गेले. पुढच्याच मोसमात रूथने ५४ होमरन मारले, त्याच्या पुढच्या वर्षी ५९. तोवर एकदाही विजेतेपद न मिळालेला यँकीज संघ १९२३ साली पहिल्यांदा विजेता झाला आणि मग थांबलाच नाही. बॉस्टनला मात्र पुढचे विजेतेपद २००४ साली मिळाले. मध्ये ८६ वर्षे गेली.

या घटनाक्रमावर जी कथा रचली गेली ती थोडक्यात अशी : नाटकवेड्या फ्रेझीने 'नो, नो, नॅनेट' या संगीत नाटकास भांडवल हवे म्हणून रूथ विकला आणि त्या पापाचा शाप बॉस्टनला लागला. डॅन शॉनेसी या बॉस्टनच्या पत्रकाराने १९९० साली 'द कर्स ऑफ द बॅम्बिनो' या नावाचे पुस्तक लिहिले आणि शापाची ही कल्पना घरोघर पोहोचवली. बॅम्बिनो हे रूथचे लाडके नाव. पुस्तक वाचनीय आहे. पराभवांची मालिका एका सूत्रात ओवण्याचे लेखकाचे कसब नाकारता येत नाही. १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६ या चारही वर्षी बॉस्टन अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत जाऊन हरले, हे वाचताना परक्या वाचकाचेही मन कळवळते.

परंतु कथा आणि इतिहास शेजारी ठेवून पाहिले म्हणजे काही गोष्टी खटकतात. 'नो, नो, नॅनेट' हे नाटक न्यूयॉर्कला आले १९२५ साली, म्हणजे विक्रीनंतर पाच वर्षांहून अधिक काळाने. ज्या नाटकावरून ते बेतले गेले, ते १९१९ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले होते, एवढाच काय तो धागा. फ्रेझी यांच्यावर संघाच्या पूर्वीच्या मालकाचे देणे होते. रूथने तीन वर्षांचा करार केलेला असताना एकाच वर्षानंतर दुप्पट वेतन मागितले होते; त्याच्या शिस्तीबद्दल तक्रारी होत्या; आणि तो असतानाही १९१९ साली संघ सहाव्या क्रमांकावर राहिला होता. विक्रीची बातमी आली तेव्हा बॉस्टनमध्ये रडारड झाली हे खरे, पण मालकाची बाजू घेणारेही तेथे होते. शिवाय फ्रेझी यांनी पुढील तीन वर्षांत आणखी कितीतरी चांगले खेळाडू त्याच यँकीजच्या हवाली केले. बॉस्टनचा कणा मोडला तो या सततच्या विक्रीने. परंतु विलापाला एकच नायक पुरतो. बाकीच्यांची नावे त्याने विस्मृतीत ढकलली.

याहून महत्त्वाची गोष्ट काळाची आहे. शापाची भाषा १९२० सालची नाही. ती रुजली १९८६ च्या पराभवानंतर आणि पुस्तकरूपाने आली ती विक्रीनंतर सत्तर वर्षांनी. रूथला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेले रसिक तोवर जवळजवळ संपले होते. म्हणजे हा शोक रूथच्या वियोगाचा नव्हताच. तो ताज्या पराभवांचा होता आणि त्याला एक पूर्वज हवा होता. आपल्याकडे घराण्यातील आपत्तींची सांगड कोण्या पणजोबाच्या हातून घडलेल्या दोषाशी घालतात, त्यातला हा प्रकार. येथे एक लहानशी गोष्ट नोंदवावीशी वाटते. रूथला प्रथम विकले ते बॉस्टनने नव्हे, त्याच्या जन्मगावच्या, बाल्टिमोरच्या क्लबने, १९१४ साली, आर्थिक ओढाताणीमुळे. बाल्टिमोरच्या शापाची कथा कोणी लिहिली नाही. शोक वस्तुस्थितीच्या मापाने चालत नाही, तो सांगणाऱ्याच्या गरजेने चालतो.

हा साचा आपल्या वाचकांना अगदीच अनोळखी वाटू नये. अक्रूर रथ घेऊन येतो, कृष्ण मथुरेस जातो आणि गोकुळ रडत राहते. आपल्या गौळणींनी, विराण्यांनी हा प्रसंग शतकानुशतके गायिला. त्यात अक्रूराला बोल लावला जातो, मथुरेच्या स्त्रियांचा हेवा केला जातो. फ्रेझी हा बॉस्टनचा अक्रूर आणि न्यूयॉर्क ही त्यांची मथुरा. परंतु एक मोठा भेद आहे. आपल्या परंपरेत कृष्णाला मथुरेत काही कार्य आहे, हे गोकुळालाही मनातून ठाऊक असते. उद्धव निरोप घेऊन येतो आणि गेलेल्याची बाजूही ऐकू येते. बॉस्टनच्या कथेत उद्धव नाही. रूथला जावेसे वाटले का, न्यूयॉर्कमध्ये त्याला काय मिळाले, तो सुखी झाला का, हे विचारण्यास तेथे जागाच नाही. तो एक हरवलेला दागिना आहे.

येथे आम्हांस या वाङ्मयाच्या व्याकरणाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. या विलापाचे बीजवाक्य 'आम्ही त्याला जाऊ दिले' असे असते. हे वाक्य रोज लाखो रसिक उच्चारतात. यातील 'आम्ही' कोण? विक्रीचा निर्णय मालकाने घेतला. रसिकाला कोणी विचारले नव्हते. तरीही दुःखाच्या भरात तो स्वतःला मालकाच्या खुर्चीत बसवतो आणि मालकाचा दोष स्वतःचा म्हणून भोगतो. त्यात एक प्रकारची उदारताही आहे. मात्र वाक्यातले कर्म तसेच राहते. खेळाडू हा दिला जातो, घेतला जातो, विकला जातो. तो स्वतः काही करीत नाही. मालक जी भाषा व्यवहारात वापरतो, तीच भाषा रसिक शोकात वापरतो. दोघांचे भांडण किमतीविषयी असते, मालकीविषयी नसते. या वाङ्मयातील लेखकांची पारख करताना आम्ही हीच कसोटी लावतो : गेलेला माणूस त्यांच्या लेखनात कर्म म्हणून उरतो, की कधीतरी कर्ता होतो?

या दृष्टीने पाहता विलापाचा एक मोठा वर्ग सहज बाजूला पडतो. तो म्हणजे पश्चात्‌बुद्धीचा विलाप. शिकागोच्या कब्ज संघाने १९६४ च्या जूनमध्ये लू ब्रॉक हा तरुण खेळाडू सेंट लुईसला देऊन अर्नी ब्रॉलियो हा पिचर घेतला. ब्रॉलियोने आदल्या वर्षी १८ सामने जिंकून दिले होते आणि त्या दिवशी शिकागोतील अनेकांना हा सौदा आपल्याच फायद्याचा वाटला होता. पुढे ब्रॉक सेंट लुईसचा महान खेळाडू झाला आणि ब्रॉलियोने शिकागोस अवघे सात विजय मिळवून दिले. त्यानंतर हा सौदा मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितला जाऊ लागला. निर्णयाच्या दिवशी काय दिसत होते आणि पुढे काय घडले, यांतला फरक ज्याने शासकीय टिपणे लिहिली आहेत त्याला सांगावा लागत नाही. फाइलीवरील शेरा हा त्या तारखेच्या प्रकाशातच वाचावा लागतो. यादी करून 'पाहा, किती गाढव होते' म्हणणारे लेखन करमणूक करते; ते शोकही नव्हे आणि समीक्षाही नव्हे. आणि या यादीत ब्रॉलियोची गत सर्वांत वाईट. तो माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या थोरवीचे माप म्हणून ओळखला गेला.

टॉम सीव्हरचे प्रकरण याहून वेगळे आहे. न्यूयॉर्कच्या मेट्स संघाला १९६९ साली पहिले विजेतेपद मिळाले, त्यात या पिचरचा वाटा सिंहाचा होता. वेतनावरून संघाच्या अध्यक्षांशी बिनसले आणि १५ जून १९७७ रोजी त्याला सिनसिनाटीला धाडण्यात आले. निरोपाच्या वेळी पत्रकारांसमोर प्रेक्षकांविषयी बोलताना त्याचा कंठ दाटून आला. अखेर त्याला आपले शब्द कागदावर लिहून द्यावे लागले. येथे प्रथमच गेलेल्याचा शोक आपल्याला दिसतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो परक्या संघाकडून न्यूयॉर्कला खेळावयास आला, तेव्हा प्रेक्षकांनी आपल्याच संघाला हरवणाऱ्या या माणसाचे टाळ्यांनी स्वागत केले. १९८३ साली तो परत आला, आणि १९८४ च्या जानेवारीत कार्यालयीन हलगर्जीने पुन्हा गेला : राखून ठेवावयाच्या खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव घातलेच नव्हते. पुढच्या वर्षी आपला तीनशेवा विजय त्याने मिळवला तो न्यूयॉर्क शहरातच, पण शिकागोचा गणवेश घालून आणि यँकीजच्या मैदानावर. विप्रलंभाचे सर्व टप्पे येथे क्रमाने आले आहेत. या विलापाला आम्ही रूथच्या विलापापेक्षा वरचे स्थान देतो, कारण यात दुःख दोन्ही बाजूंना आहे आणि त्या टाळ्यांत मालकीचा लवलेश नाही.

तथापि खेळाडूला वाक्याचा कर्ता करण्याचे काम रसिकांनी केले नाही. ते एका खेळाडूनेच केले. कर्ट फ्लड हा सेंट लुईसचा कृष्णवर्णीय क्षेत्ररक्षक बारा मोसम त्या संघात खेळला होता. १९६९ च्या ऑक्टोबरात क्लबच्या एका कर्मचाऱ्याने दूरध्वनी करून त्याला कळवले, की तुला फिलाडेल्फियास देण्यात आले आहे. त्या काळी प्रत्येक करारात एक राखीव कलम असे. करार संपला तरी खेळाडूवरील हक्क क्लबकडेच राहत असे. त्याने एकतर क्लब सांगेल तेथे खेळावे, नाहीतर खेळ सोडावा. फ्लडने २४ डिसेंबर १९६९ रोजी बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून यांना पत्र लिहिले, की आपल्या इच्छेचा विचार न करता ज्याची खरेदी-विक्री व्हावी अशी आपण एखादी मालमत्ता नव्हे. पत्र अगदी थोडक्यात, विनयाने आणि कार्यालयीन भाषेत लिहिलेले आहे. या साऱ्या वाङ्मयातले सर्वांत मोलाचे लेखन कोणते असे कोणी विचारल्यास आम्ही या पत्राकडे बोट दाखवू.

आम्ही सरकारी नोकरीत बदल्यांचे आदेश घेतलेही आणि काढलेही. बदली झालेल्या अधिकाऱ्याला निरोप समारंभात हारतुरे मिळतात, जनता हळहळते आणि त्याला स्वतःला काय हवे होते हे सहसा कोणी विचारीत नाही. पण तो अधिकारी राजीनामा देऊन त्याच विद्येच्या बळावर दुसरीकडे पोट भरू शकतो. फ्लडला ती मुभा नव्हती. सर्व क्लब एकाच नियमाने बांधलेले होते. एकाला नाही म्हटले की सर्व दारे बंद. त्याने १९७० चा पूर्ण मोसम आणि त्या काळचे जवळजवळ एक लाख डॉलर वेतन यांवर पाणी सोडले व न्यायालयाची पायरी चढला. त्या काळी खेळत असलेला एकही खेळाडू त्याच्या बाजूने साक्षीस आला नाही. निवृत्त जॅकी रॉबिन्सन आला. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द वे इट इज' या फ्लडच्या आत्मकथनात ही बाजू आहे. भाषा कोठे कोठे कडवट होते, पण रसिकांच्या विलापात जो आवाज शोधूनही सापडत नाही, तो येथे ऐकू येतो.

१९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडच्या विरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी लिहिलेले निकालपत्र कायद्याच्या अभ्यासकांनी खूप चर्चिले आहे; आम्ही ते वाङ्मय म्हणून वाचावे असे सुचवतो. त्याचा पहिला भाग हा कायदा नव्हेच. त्यात बेसबॉलचा गौरवशाली इतिहास आहे आणि जुन्या थोर खेळाडूंची ऐंशीहून अधिक नावे एकामागून एक, नामस्मरणासारखी दिली आहेत. बहुमतातल्या दोन न्यायमूर्तींना हा भाग इतका अनुचित वाटला, की निकालाशी सहमत असूनही त्यांनी तेवढ्या भागावर आपली सही नाकारली. पुढे निकालपत्र मान्य करते, की बेसबॉलला मिळालेली कायद्याची सूट ही एक विसंगती आहे. परंतु १९२२ पासून चालत आलेली ती प्रथा बदलणे हे कायदेमंडळाचे काम आहे. म्हणजे आधी भक्ताने नावे आळवावीत आणि मग त्याच नावांच्या वारसाला सांगावे, की तू बांधील आहेस. चाहत्याचे प्रेम आणि मालकाचा हक्क एकाच दस्तऐवजात इतक्या निरागसपणे एकत्र आलेले दुसरीकडे क्वचितच दिसतील. ती राखीव पद्धत मोडली ती पुढे, १९७५ च्या डिसेंबरात, दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादाने दिलेल्या निर्णयाने. फ्लडला स्वतःला त्याचा काहीच लाभ झाला नाही.

आता दोन उत्तम ललित कृतींकडे वळू. जॉन अपडाइक यांचा 'हब फॅन्स बिड किड अड्यू' हा निबंध १९६० च्या ऑक्टोबरात 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात आला. टेड विल्यम्स हा बॉस्टनचा खेळाडू. त्याला संघाने सोडले नाही, दोन युद्धांतील सेवेचा काळ वगळता तो १९३९ पासून अखेरपर्यंत तेथेच खेळला. २८ सप्टेंबर १९६० रोजी बॉस्टनच्या मैदानावरील आपल्या शेवटच्या खेळीत त्याने होमरन मारला. प्रेक्षक त्याने बाहेर येऊन टोपी काढावी म्हणून ओरडत राहिले. तो आला नाही. अपडाइक यांचे मोठेपण असे, की ते त्या नकाराबद्दल तक्रार करीत नाहीत. प्रेक्षकाचा अधिकार कोठे संपतो याची जाणीव त्या निबंधाला आहे. ज्याच्यावर प्रेम केले त्याने आपल्याला काही देणे लागते असे नाही, हे मान्य करून केलेला हा निरोप आहे.

दुसरी कृती म्हणजे रॉजर कान यांचे 'द बॉइज ऑफ समर', प्रकाशन १९७२. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागाचा डॉजर्स संघ १९५७ नंतर मालकाने लॉस एंजेलिसला नेला. म्हणजे येथे संघाने खेळाडू सोडला नाही, संघानेच गाव सोडले. कान हे १९५२ आणि १९५३ साली त्या संघाचे वार्ताहर होते. त्यांनी पुढे काय केले? ते बसून रडले नाहीत. पांगलेल्या खेळाडूंच्या गावी ते स्वतः गेले. कार्ल फुरिलो हा एके काळचा नावाजलेला खेळाडू न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बांधकामावर उद्वाहन बसवण्याचे काम करीत होता. दुखापत झाली असताना संघाने काढून टाकले म्हणून त्याने दावा लावला होता. बिली कॉक्स एका मद्यगृहात काम करीत होता. रॉय कॅम्पानेला १९५८ च्या मोटार अपघातापासून चाकांच्या खुर्चीत होता. जॅकी रॉबिन्सनला संघाने १९५६ साली प्रतिस्पर्धी जायंट्सना दिले होते. पण निवृत्तीचा निर्णय त्याने आधीच घेतला होता आणि तो तिकडे गेलाच नाही. कान या माणसांना प्रश्न विचारतात आणि मग ऐकतात. या पुस्तकात मागे राहिलेलाच उद्धव होऊन गेलेल्यांकडे जातो. पुस्तकाच्या पूर्वार्धात कान यांचे स्वतःचे बालपण आणि वडिलांच्या आठवणी जरा पसरट झाल्या आहेत, हा दोष सांगितला पाहिजे. पण उत्तरार्धातील भेटींनी ती उणीव भरून निघते.

या साऱ्या भावुकतेला उत्तर म्हणून २००३ साली मायकेल लुईस यांचे 'मनीबॉल' आले. ओकलंडच्या गरीब संघाने २००१ नंतर आपले तीन नामवंत खेळाडू पैशाअभावी गमावले. तरी आकडेवारीच्या अभ्यासाने, कोणी फारसे मानत नसलेले खेळाडू जमवून, त्याने २००२ साली सलग वीस सामने जिंकले. गेलेल्यासाठी रडू नये, त्याची भरपाई मोजावी, हा या पुस्तकाचा बोध. पुस्तक चतुर आहे आणि विलापातील भोळेपणा ते नेमका उघडा करते. पण आमच्या कसोटीवर तेही अर्धेच उतरते. विलापात खेळाडू दागिना होता, येथे तो आकडा झाला. शिवाय त्या ओकलंडच्या संघाने २०२४ च्या सप्टेंबरात आपल्या मैदानावर शेवटचा सामना खेळून शहरच सोडले. तेथील रसिकांना जे वाटले त्याची भरपाई कोणत्या कोष्टकात बसवावी, हे 'मनीबॉल'ची पद्धत सांगू शकत नाही.

बॉस्टनने २०२० च्या फेब्रुवारीत, म्हणजे रूथच्या विक्रीला बरोबर शंभर वर्षे झाली असताना, मूकी बेट्स हा आपला सर्वोत्तम खेळाडू लॉस एंजेलिसला दिला. त्या संघाबरोबर बेट्सने २०२०, २०२४ आणि २०२५ साली विजेतेपद मिळवले. विलाप पुन्हा सुरू झाला, साहजिकच रूथचे नाव निघाले. परंतु काळ बदलला होता. बेट्सचा करार संपत आला होता, मोकळ्या बाजारात आपले मोल ठरवण्याचा हक्क त्याला होता, आणि नव्या संघाशी त्याने बारा वर्षांसाठी साडेछत्तीस कोटी डॉलरचा करार केला. तो हक्क फ्लडच्या लढ्याच्या वाटेने आलेला आहे. 'आम्ही बेट्सला जाऊ दिले' असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घेतले, तर त्याचा शोक कमी होणार नाही, पण अधिक प्रौढ होईल.

आम्हां बडोदेकरांना या विषयाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. सांगलीच्या विजय हजारे यांनी १९३९-४० साली पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. थोड्याच काळात ते बडोद्याचे झाले, आणि १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात, होळकर संघाविरुद्ध, त्यांनी २८८ धावा करून गुल महंमद यांच्यासह ५७७ धावांची भागीदारी रचली. समोरच्या इंदूरनेही नागपूरच्या सी. के. नायडू यांना असेच आपले केले होते. पुण्या-नागपुरात तेव्हा कोणी हळहळले असेल. आपल्या शहरांत मात्र उत्सव झाला. संस्थानी आश्रय आणि अमेरिकी क्लबची मालकी या एक गोष्टी नव्हेत. तरीही एका गावचा विलाप हा दुसऱ्या गावचा पोवाडा असतो, हे समजण्यास आपल्याला बॉस्टनपर्यंत जाण्याची गरज नाही. आणि आपल्यापैकी बहुतेकांची घराणी स्वतःच कधीकाळी कोकणातून वा देशावरून निघून आलेली आहेत. आपल्या घरी जपलेल्या कथा निघालेल्यांच्या आहेत. गेलेल्याच्या बाजूने वाचण्याची दृष्टी आपल्याला वारशाने मिळालेली आहे, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

रसिकांच्या शोकाची आम्ही टवाळी करीत नाही. शहराच्या नावावर चालणाऱ्या खाजगी धंद्यात सामान्य माणसाने आपले खरे प्रेम गुंतवावे आणि निर्णयात त्याला काडीचाही अधिकार असू नये, ही विषमता खरी आहे. विलाप हे त्याच्या हाती उरलेले एकमेव साधन आहे. आक्षेप आहे तो एवढाच, की त्या भरात तो स्वतःसारख्याच अधिकारहीन असलेल्या दुसऱ्या माणसाला विसरतो. रसिक आणि खेळाडू हे दोघेही मालकाच्या निर्णयाचे धनी नव्हते. त्यांनी एकमेकांचे दुःख ओळखावयास हवे होते. सीव्हरसाठी वाजलेल्या टाळ्यांत आणि कान यांच्या भेटींत ते ओळखले गेले. शॉनेसी यांच्या शापकथेत ते ओळखले गेले नाही. आणि २००४ च्या विजयानंतर त्या कथेचे प्रयोजनच संपले. 'द बॉइज ऑफ समर'चे प्रयोजन मात्र कोणत्याही विजयाने संपणारे नाही. आमच्या ज्या वाचकांना या विषयात रुची वाटेल, त्यांनी प्रथम शॉनेसी वाचावेत, मग फ्लडचे पत्र आणि शेवटी कान, असा क्रम आम्ही सुचवतो. बेसबॉलचे नियम कळले नाहीत तरी चालेल. कान यांच्या उत्तरार्धात खेळ फारसा नाहीच, माणसे आहेत.